जबाबदार डॉल्फिन दर्शन (कोकण)

जबाबदार डॉल्फिन दर्शन म्हणजे समुद्रातील डॉल्फिन व देवमासे यांच्या नैसर्गिक वर्तनात अडथळा न आणता, सुरक्षित अंतरावरून त्यांचे निरीक्षण करण्याची पद्धत होय. महाराष्ट्रात दापोली, गुहागर, मालवण, तारकर्ली व देवबाग येथे पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवले जातात. पन्हाळ्यासारख्या समुद्रापासून दूर असलेल्या भागातील विद्यार्थ्यांना डॉल्फिन प्रथम दिसतो तो बहुधा कोकणच्या सहलीत. त्यामुळे या विषयाची ओळख सहलीपूर्वी वर्गातच करून देणे उपयुक्त ठरते.

प्रजाती व संरक्षण

डॉल्फिन हा मासा नसून दात असलेल्या देवमाशांच्या गटातील सस्तन प्राणी आहे. कोकण किनाऱ्यालगत प्रामुख्याने हिंदी महासागरातील कुबडधारी डॉल्फिन (शास्त्रीय नाव : सौसा प्लुम्बिया) आढळतो. ही प्रजाती किनाऱ्याजवळील उथळ पाण्यात राहत असल्याने होड्या व मासेमारीच्या जाळ्यांशी तिचा सतत संबंध येतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने तिची नोंद संकटग्रस्त प्रजातींत केली आहे. भारतात तिला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. मनोरंजनासाठी डॉल्फिन बंदिस्त ठेवण्यास २०१३ पासून देशात परवानगी दिली जात नाही.

पाठलागाचे परिणाम

डॉल्फिनला श्वासासाठी वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. होड्यांनी घेरल्यास त्याची विश्रांती व भक्ष्यशोध खंडित होतो आणि पिल्लू मादीपासून दुरावण्याचा धोका संभवतो. डॉल्फिन प्रतिध्वनीच्या साहाय्याने दिशा व भक्ष्य ओळखतो. इंजिनाच्या आवाजामुळे त्यात व्यत्यय येतो. प्रवाशांनी होडी जवळ नेण्याचा आग्रह धरल्यास चालक पाठलागाकडे वळू शकतो. म्हणून मुलांना हा आग्रह टाळण्यास शिकवणे महत्त्वाचे मानले जाते.

मुलांना शिकवायच्या बाबी

* अंतर : ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार होडीने डॉल्फिनपासून किमान ५० मीटर व देवमाशापासून १०० मीटर दूर राहावे. शाळेच्या मैदानावर दोरीने ही अंतरे मोजून दाखवता येतात.
* दिशा : होडी समोरून किंवा थेट पाठीमागून न नेता बाजूने, संथ व समांतर न्यावी.
* वर्तन : आरडाओरडा करू नये, खाद्य किंवा प्लॅस्टिक पाण्यात टाकू नये, डॉल्फिनला स्पर्श करण्याचा प्रयत्न करू नये.
* पिल्लू : कळपात पिल्लू दिसल्यास अधिक दूर राहावे.
* नोंद : वेळ, ठिकाण, डॉल्फिनची संख्या व वर्तन वहीत लिहावे. डॉल्फिन न दिसल्यास तशीही नोंद करावी.