औषध आधी, उकल मागाहून



आपल्या रक्तातील टी-पेशी ही शरीराची पहारेकरीण. एरवी ती निद्रिस्त असते. परक्याची ओळख पटली की ती जागी होते, शेकडो जनुकांचा कारभार काही तासांत पालटतो, आणि तोवर मूक असलेले इंटरल्यूकिन-२ चे जनुक बोलू लागते. त्यापासून घडणारे प्रथिन पेशीला विभाजनाची आज्ञा देते. हे मूक जनुक बोलते कसे, याचा इतिहास मला आज सांगावयाचा आहे. तो सरळ वाटेने घडलेला नाही. जनुकाचे तोंड बंद करणारे औषध आधी हाती आले. तोंड कसे उघडते, ते मागाहून उमगले.

१९६० पर्यंत रक्तातील लहान लसिकापेशी आयुष्याच्या अखेरीस पोचलेली, पुन्हा कधी न विभागणारी मानली जाई. फिलाडेल्फियात पीटर नॉवेल तांबड्या पेशी बाजूला काढण्यासाठी राजम्यापासून मिळणारे एक द्रव्य वापरीत. त्याच्या सान्निध्यात या ‘म्हाताऱ्या’ पेशी विभागू लागल्या! आपल्या स्वयंपाकघरातल्या कडधान्याने एक शास्त्रीय समजूत मोडीत काढावी, याची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे.

दुसरा धागा मातीतला. बासेल येथील सँडोझ कंपनीचे कर्मचारी प्रवासाला गेले की निरनिराळ्या ठिकाणची माती पिशव्यांतून आणीत. १९६९ साली नॉर्वेतील हार्डांगरव्हिडा पठारावरून आलेल्या मातीत एक बुरशी मिळाली. तिच्यातील सायक्लोस्पोरिन हे द्रव्य अन्य बुरशींविरुद्ध फारसे कामाचे ठरले नाही. परंतु जानेवारी १९७२ मध्ये उंदरांवरील चाचणीत निराळेच दिसले. प्रतिकारशक्ती मंदावली, पण इतर वाढत्या पेशी मेल्या नाहीत. तोवरची औषधे विभागणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाला घालीत. या शोधाचे श्रेय ज्याँ बोरेल यांचे की हार्टमान स्टेहेलिन यांचे, यावर पुढे बराच वाद झाला. माझ्या मते दोन्ही परिणाम एकाच प्राण्यात पारखणारी चाचणी हेच या कथेतील खरे चातुर्य, आणि चाचणी बहुधा एकट्याची नसते.

१९७८ साली केंब्रिजला रॉय काल्न यांनी प्रत्यारोपणाच्या रुग्णांना हे औषध दिले. १९८३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. परक्याचे मूत्रपिंड शरीरात टिकू लागले. ते का टिकते, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते.

उकल झाली ती जनुकांच्या अभ्यासातून. १९८६ मध्ये रंजन सेन व डेव्हिड बाल्टिमोर यांनी बी-पेशींत एनएफ-कप्पा-बी हा घटक शोधला. इतर पेशींतही तो तयारच, पण झाकलेला असतो, हेही त्यांनीच दाखविले. १९८८ साली स्टॅनफर्डमध्ये जेराल्ड क्रॅबट्री यांच्या गटाला इंटरल्यूकिन-२ च्या जनुकालगत बसणारा एनएफएटी सापडला. १९९१ मध्ये कळले की त्याचा एक भाग पेशीद्रव्यात आधीच सिद्ध असतो, इशारा मिळताच केंद्रकात शिरतो, आणि सायक्लोस्पोरिन त्याला नेमके उंबरठ्यावर अडविते. पहारेकरणीला एवढ्या झटपट जागे होता येते, याचे एक मोठे कारण हेच. निरोप्या नव्याने घडवावा लागत नाही, फक्त सोडावा लागतो.

त्याला सोडतो कोण? याचेही उत्तर १९९१ मध्येच मिळाले. जपानमधील त्सुकुबाच्या मातीतून १९८४ साली टॅक्रोलिमस हे दुसरे औषध निघाले होते. त्याची रचना वेगळी, पेशीत त्याला धरणारे प्रथिनही वेगळे. परिणाम मात्र तोच. हार्वर्डमध्ये स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटाने दाखविले की दोन्ही औषधे अखेर कॅल्सिन्यूरिन या एकाच विकराला जखडतात. मेंदूच्या अभ्यासकांना ते १९७९ पासून परिचित होते; प्रतिकारशक्तीशी त्याचा संबंध असेल, असे कोणाच्या मनात आले नव्हते. टी-पेशीत इशाऱ्यासरशी कॅल्सिअम वाढते, कॅल्सिन्यूरिन जागे होते, एनएफएटीवरील फॉस्फेट उतरविते, आणि निरोप्याची वाट मोकळी होते.

पण कॅल्सिन्यूरिन केवळ टी-पेशींत नसते. ते मूत्रपिंडातही असते. म्हणूनच दिलेले मूत्रपिंड जगविणारी ही औषधे त्याच मूत्रपिंडाला इजाही करू शकतात, आणि ती घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील त्यांचे प्रमाण आजही पुनःपुन्हा मोजावे लागते.