मुंबई हाय आणि व्हेनेझुएला : तेलसाठा व तेलउत्पादन यांतील अंतराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना
खनिज तेल हे आधुनिक अर्थव्यवस्थेचे प्रमुख ऊर्जासाधन होय. उमरखेडसारख्या शेतीप्रधान तालुक्यातही ट्रॅक्टरची नांगरट व शेतमालाची वाहतूक डिझेलच्या भावाशी बांधलेली असते. देशाची तेलसंपन्नता सामान्यतः भूगर्भातील साठ्यावरून मोजली जाते. परंतु साठा आणि उत्पादन या भिन्न बाबी आहेत. हे अंतर मुंबई हाय व व्हेनेझुएला यांच्या इतिहासातून स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मुंबई हायचा शोध व विकास
१९७३ च्या अखेरीस जागतिक बाजारात तेलाचे भाव भडकले. भारत त्या वेळी गरजेच्या सुमारे दोन-तृतीयांश तेल आयात करीत होता. अशा बिकट काळात, फेब्रुवारी १९७४ मध्ये, तेल व नैसर्गिक वायू आयोगाच्या 'सागर सम्राट' या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रतळाखालील चुनखडीच्या थरात तेल शोधले. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. पुढे समुद्राखालील वाहिन्यांतून तेल व वायू उरण येथे येऊ लागले. १९८४-८५ मध्ये देशाच्या सुमारे २.९ कोटी टन उत्पादनापैकी सुमारे २ कोटी टन तेल मुंबईच्या समुद्रातून आले.

ही वाढ फार काळ टिकली नाही. उपशामुळे थरातील दाब घटला. तो राखण्यासाठी पाणी सोडण्यात आले, तरी १९९० च्या दशकात उत्पादन उतरले. त्यामुळे २०००-०१ पासून पुनर्विकास हाती घ्यावा लागला. २७ जुलै २००५ च्या आगीत २२ जणांचा बळी गेला. उत्पादनाची ही मानवी किंमतही विसरता येत नाही.

व्हेनेझुएलाचा अनुभव
मुंबई हायमधून उत्पादन सुरू झाले त्याच वर्षी, १ जानेवारी १९७६ रोजी, व्हेनेझुएलाने तेलउद्योगाचे राष्ट्रीयीकरण केले. त्या देशाचा घोषित सिद्ध साठा सुमारे ३०० अब्ज बॅरल, म्हणजे जगात सर्वाधिक आहे. मात्र त्यातील बहुतांश ओरिनोको पट्ट्यातील अतिजड तेल असून ते काढणे खर्चिक आहे. १९९८ मध्ये दैनिक उत्पादन ३० लाख बॅरलहून अधिक होते. २००२-०३ च्या संपानंतर हजारो अनुभवी कर्मचारी काढण्यात आले, गुंतवणूक आटली आणि २०१९ मध्ये अमेरिकेचे निर्बंध आले. २०२० मध्ये सरासरी उत्पादन ६ लाख बॅरलच्याही खाली गेले. ओएनजीसी विदेशने २००८ मध्ये तेथील सान क्रिस्तोबाल क्षेत्रात ४० टक्के भागीदारी घेतली. तिचा लाभांशही दीर्घकाळ थकला.

निष्कर्ष
मुंबई हायचा साठा तुलनेने लहान असूनही संघटित प्रयत्नांमुळे तो अल्पावधीत राष्ट्राच्या उपयोगी पडला. व्हेनेझुएलाचा अफाट साठा मात्र कुशल मनुष्यबळ व भांडवलाअभावी जमिनीतच राहिला. साठा हे निसर्गाचे दान, तर उत्पादन ही संस्था, तंत्रज्ञान व संयम यांची फलश्रुती होय. उपशाची गती आणि थराची क्षमता यांचा मेळ न घातल्यास लाभलेले दानही लवकर ओसरते, हा मुंबई हायचा धडा ऊर्जानियोजनात दुर्लक्षिता येणार नाही.