एका तासाच्या बॅचची कुळकथा

टायपिंग इन्स्टिट्यूटमधली बॅच साधारण एका तासाची असते. लिपिकाच्या नोकरीसाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट वेगाचे प्रमाणपत्र लागते. तहसील, न्यायालय, नगरपरिषद असलेल्या अंबडसारख्या गावात त्याला मोल आहे. सहा महिन्यांच्या कोर्सला विद्यार्थी रोज तासभर बसतो आणि उठला की त्याच खुर्चीवर पुढच्या बॅचचा येतो. मशिने मोजकी आणि शिकणारे पुष्कळ असले की वेळ अशीच वाटावी लागते. सोयीची ही वाटणी शिकण्यालाही मानवते, याचा भक्कम पुरावा मात्र ब्रिटिश टपाल खात्यातून आला.

तिकडे पोस्टकोड सुरू झाल्यावर टपाल वर्गीकरणासाठी पोस्टमनांना कीबोर्ड शिकवणे भाग पडले. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी 72 पोस्टमनांचे चार गट केले. एक गट दिवसातून एकदा तासभर बसे, दुसरा तासभर दोनदा, तिसरा एकदाच दोन तास, तर चौथा दोन-दोन तास दोनदा. 1978 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज एक तास बसणाऱ्यांना सुमारे 35 तासांत कीबोर्ड आला. रोज चार तास बसणाऱ्यांना सुमारे 50 तास लागले. पुढे काही महिन्यांनी चाचणी घेतली, तेव्हाही चार तासवालेच मागे राहिले. तरी सर्वांत नाराज होता तो एक तासाचा गट, कारण दिवसांच्या हिशेबात तो मागे पडत होता. परीक्षा तोंडावर आली की डबल बॅच मागणाऱ्या मुलांची घालमेल हीच असते.

तासाच्या आत काय करावे, हा प्रश्न वेगळा. पहिले धडे ‘ए-एस-डी-एफ’च्या ओळी पुन्हा पुन्हा गिरवण्याचे असतात. त्याने बोटे बसतात, पण एकच ओळ घोटत राहण्याला मर्यादा आहे. 1979 साली शी आणि मॉर्गन यांनी विद्यार्थ्यांना हातात टेनिसचा चेंडू देऊन लाकडी फळ्या तीन वेगवेगळ्या क्रमांनी पाडायला लावल्या. एकेक क्रम सलग घोटणारे सरावात वेगवान होते. दहा दिवसांनी मात्र तिन्ही क्रम मिसळून केलेले सरस ठरले. 1986 साली गुड आणि मॅगिल यांना बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिसमध्ये हेच आढळले. ज्या खेळाचे सुरुवातीचे नियम 1870च्या दशकात पुण्यात बांधले गेले, तोच या तत्त्वाचा नावाजलेला दाखला व्हावा, याचे मराठी वाचकाला अप्रूप वाटेल.

मिसळलेला सराव सरस ठरण्याचे एक स्पष्टीकरण असे: सर्व्हिस बदलली की आधीची हालचाल मनातून पुसट होते आणि पुढच्या वेळी ती नव्याने जुळवावी लागते. ही जुळवाजुळवच पक्की होते. सलग सरावात ती करावीच लागत नाही. म्हणून हात सफाईने चालतो आणि शिकल्याचा भास होतो.

अगदी नवख्याला मात्र मिसळलेला सराव जड जातो. गुंतागुंतीच्या कौशल्यांत आणि प्रत्यक्ष मैदानावर त्याचा लाभ प्रयोगशाळेइतका ठळक दिसत नाही. म्हणून पहिले काही आठवडे ओळी घोटून घेणे रास्तच. बोटांना जागा कळल्यावर मात्र त्याच तासात उतारा, पत्र आणि तक्ता आलटून पालटून द्यावेत. परीक्षेतही ते एकाच बैठकीत येतात.