करमणे आणि करमणूक

मराठीत 'मला करमते' म्हणतात, 'मी करमतो' म्हणत नाहीत. करमणे ही ज्याच्या त्याच्या मनाची अवस्था आहे. करमणूक मात्र एकाने करायची आणि दुसऱ्याने करून घ्यायची. 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांनी पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक काढले. ती वाचत्या घरांची करमणूक होती. 1923 मध्ये मुंबई सरकारने कायदा करून करमणुकीवर शुल्क बसवले. म्हणजे शब्दाला प्रतिष्ठा आली, किंमतही आली. परंतु महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी तमाशातून गावोगावची करमणूक केली, त्यांना काय आले?

माझे आजोबा तमाशात ढोलकी वाजवीत. रात्रभर गाव रमायचे. उजाडले की ढोलकीवाला वेशीबाहेर. आजी म्हणायची, "त्यांना कुठंच करमायचं न्हाई."

1930 नंतरच्या दशकात भीमराव कर्डक आदींनी आंबेडकरी जलसे उभे केले. बाज तमाशाचाच होता, पण विषय हक्कांचा आणि समोर बसलेली माणसे आपली. सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामधली वेस तिथे पुसली गेली.

म्हणून आमच्या कलेला 'निव्वळ करमणूक' म्हणणाऱ्या अभ्यासकांना माझा एकच प्रश्न आहे : कोणाची?