ओमेगा-सी: एका कणाचे चुकलेले आयुष्यमान

१/ भोर तालुक्यातील कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा शिवजन्माच्या १६२७ या रूढ सालाला हादरा बसला. शकावलीत १६३० होते. पुढे जोधपूरला मिळालेल्या जन्मकुंडलीने तिला दुजोरा दिला. एक साधन शंका निर्माण करते; दुसरे, स्वतंत्र साधन निर्णय देते. भौतिकशास्त्राच्या ताज्या इतिहासातही हेच घडले.

२/ प्रोटॉनप्रमाणे तीन क्वार्कांनी बनलेल्या कणाला बॅरिऑन म्हणतात. त्यांतील एक क्वार्क ‘चार्म’ असेल, तर तो चार्म बॅरिऑन. ओमेगा-सी हा त्यांपैकीच: एक चार्म, दोन स्ट्रेंज.

३/ त्याचे आयुष्य फेम्टोसेकंदांत मोजतात. सेकंदाचे हजार लाख-कोटी भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे फेम्टोसेकंद. इतका सूक्ष्म काळ घड्याळाने मोजता येत नाही. कण कोठे जन्मला व कोठे विघटित झाला, हे अंतर आणि त्याचा संवेग यांवरून काळ काढतात.

४/ जुन्या प्रयोगांची सरासरी होती सुमारे ६९ फेम्टोसेकंद. नोंदी मोजक्याच होत्या. पण चार्म बॅरिऑनांत ओमेगा-सी सर्वांत अल्पायुषी, ही सैद्धान्तिक अपेक्षाही त्याच बाजूची होती. आकडा रूढ झाला.

५/ २०१८ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगाने सुमारे १००० विघटने तपासली. उत्तर आले २६८: जवळजवळ चौपट! शेवटचा कण क्रमवारीत दुसरा ठरला. चूक जुन्यांची की नव्यांची?

६/ त्याच प्रयोगाने पुन्हा मोजून भागणार नव्हते. साक्षीदार वेगळा हवा होता. तो जपानमधील त्सुकुबा येथे मिळाला. तेथील बेल-२ प्रयोगात प्रोटॉनांऐवजी इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांची टक्कर होते. कणांचे माग टिपणाऱ्या त्याच्या सिलिकॉन शोधकाचा चौथा थर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या चमूने जुळवला होता.

७/ २०२२ मध्ये बेल-२ चे उत्तर आले: २४३, अनिश्चितता सुमारे ४९. म्हणजे २६८ शी सुसंगत, ६९ पासून दूर. कुलाब्याच्या संस्थेचा हातभार लागलेल्या उपकरणाने नव्या नोंदीला दुजोरा दिला.

८/ जुने संशोधक अप्रामाणिक नव्हते; त्यांनी आपली अनिश्चितताही नोंदवली होती. तरीही दीर्घकाळ ग्रंथांत छापला गेल्याने कोणताही आकडा खरा ठरत नाही. दफ्तरखान्यात बसणाऱ्यानेही हे ध्यानी ठेवावे.