सेतू केंद्रात ‘साईट बंद आहे’ म्हणतात? आधी कॉम्प्युटरची तारीख बघायला सांगा

दाखल्यासाठी रांगेत उभं राहावं, नंबर यावा आणि नेमका तेव्हाच स्क्रीनवर इशारा यावा: ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. ऑपरेटर म्हणतो, साईट बंद आहे, उद्या या. पण दरवेळी दोष साईटचाच असतो असं नाही.

तारीख: प्रत्येक सुरक्षित साईटला मुदतीचं प्रमाणपत्र असतं. कॉम्प्युटरमधला नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउजरला चांगलं प्रमाणपत्रही चुकीचं वाटतं. तारीख-वेळ नीट केली की काम सुरू. सेल मात्र बदलून घ्यावा.

जुना ब्राउजर: विंडोज 7 वर क्रोमची 109 ही शेवटची आवृत्ती. त्यापुढचं अपडेट तिथं येतच नाही. मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 वरच्या इंटरनेट एक्सप्लोररचा सपोर्ट 15 जून 2022 ला थांबवला. फक्त त्यातच चालणाऱ्या जुन्या साईटसाठी एज ब्राउजरमध्ये ‘आयई मोड’ आहे.

दोन्ही ठीक असून इशारा कायम असेल तर साईटचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासावा. मोबाईलच्या नेटवरही तोच इशारा आला तर दोष बहुतेक साईटकडेच. अशा वेळी ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून जबरदस्तीनं पुढं जाऊ नये. आधार नंबर, पासवर्ड, ओटीपी तर अजिबात टाकू नये.

पैसे भरले, पावती आली नाही? ब्राउजरनं पॉप-अप अडवलेला असू शकतो. पत्त्याच्या पट्टीत उजवीकडं त्याची खूण दिसते. लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका. आधी खात्यातून रक्कम गेली का, ते बघा.

‘अलाऊ नोटिफिकेशन्स’ असं विचारलं तर ‘ब्लॉक’ करा. नाहीतर खोट्या जाहिराती नि भीती घालणारे मेसेज सुरू होतात.

ज्या ऑफिसात पाच-दहा कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर आहेत, तिथं प्रत्येकावर वेगळी खटपट लागत नाही. सर्व्हरवरून ‘ग्रुप पॉलिसी’ लावली की ब्राउजर, त्याचे अपडेट आणि पॉप-अपची परवानगी असलेल्या साईट सगळीकडं एकदम ठरवता येतात. मग मेनूत ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. घरच्या कॉम्प्युटरवर मात्र तसं दिसलं तर जाणकाराकडून तपासून घ्या.