थोडक्या मतांचे निकाल आणि मतदाराचा विश्वास : १९५२ ते २०२४
(दिघाशी परिसरातील ग्रामीण मतदाराच्या संदर्भात)

प्रास्ताविक

भिवंडी तालुक्यातील दिघाशी व आसपासच्या गावांतील मतदार लोकसभेसाठी भिवंडी मतदारसंघात आणि विधानसभेसाठी अनुसूचित जमातींकरिता राखीव असलेल्या भिवंडी ग्रामीण मतदारसंघात मतदान करतो. त्याच्या अधिक जिव्हाळ्याची निवडणूक मात्र ग्रामपंचायतीची असते. लोकसभेच्या निकालात हजारो मतांचे अंतर पडते. २०२४ मध्ये भिवंडीतून सुरेश म्हात्रे यांनी कपिल पाटील यांचा ६६,१२१ मतांनी पराभव केला, तेव्हा चर्चा झाली ती अपक्ष नीलेश सांबरे यांनी घेतलेल्या सव्वादोन लाखांहून अधिक मतांची, म्हणजे मतविभागणीची. मते नीट मोजली गेली की नाही, ही शंका तेथे फारशी निघाली नाही. ग्रामपंचायतीच्या प्रभागात मात्र दोन-चार मतांनी सदस्य निवडून येतो, क्वचित समसमान मते पडून चिठ्ठी टाकावी लागते, आणि मग पुढील पाच वर्षे तो निकाल चावडीवर पुन्हा पुन्हा मोजला जातो.

लोकशाहीविषयीची चिंता ही बहुधा राष्ट्रीय पातळीवरची बाब म्हणून अभ्यासली जाते. प्रस्तुत लेखात ती अटीतटीच्या निकालांच्या अंगाने पाहिली आहे. महाराष्ट्रातील काही निवडक निकालांचा मागोवा घेतल्यास असे दिसते की, मतांचे अंतर अल्प असणे हे अविश्वासाचे मूळ कारण नाही. हरलेल्या बाजूच्या सामान्य मतदारास निकालाचा पुरावा कितपत पाहता येतो, यावर तो निकाल पचतो की नाही हे ठरते. आणि हा पुरावा गेल्या सत्तर वर्षांत मतदारापासून क्रमाक्रमाने दूर गेला आहे.

बाद मतांचा गठ्ठा

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी त्याच्या चिन्हाची स्वतंत्र मतपेटी असे. मतदाराने मतपत्रिकेवर कोणतीही खूण न करता ती आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाची होती. या पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या होत्या. निरक्षर मतदारासाठी ही पद्धत सोपी होती. परंतु द्विसदस्य मतदारसंघांत तीत एक पेच होता. तेथे मतदारास दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन वेगवेगळ्या उमेदवारांच्या पेट्यांत टाकाव्या लागत. दोन्ही एकाच पेटीत टाकल्यास एक बाद होई.

मुंबई शहर उत्तर या द्विसदस्य मतदारसंघातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे राखीव जागेसाठी उभे होते. समाजवादी पक्षाशी झालेल्या समझोत्यानुसार अशोक मेहता हे सर्वसाधारण जागेचे उमेदवार होते. कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे हेही त्याच मतदारसंघात होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी आंबेडकरांचा चौदा हजारांहून अधिक मतांनी पराभव केला, मेहताही हरले. आंबेडकर व मेहता यांनी संयुक्तपणे निवडणूक अर्ज दाखल केला. त्यातील मुख्य मुद्दा बाद ठरलेल्या ७४,३३३ मतांचा होता. राखीव जागेचे मत वाया घालविण्याचा, त्या काळच्या शब्दात सांगायचे तर ‘कुजविण्याचा’, प्रचार झाल्याचा आरोप त्यामागे होता. पराभवाच्या अंतराच्या पाचपटीहून अधिक मते बाद झाली होती. अर्जास यश आले नाही आणि त्याच वर्षी आंबेडकर राज्यसभेवर गेले.

राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत पराभूत होतो, ही घटना आपल्याकडे बहुतेक वेळा काँग्रेसची लाट किंवा जातीय मतदान या चौकटीत सांगितली जाते. निवडणूक पद्धतीच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील वेगळी बाब महत्त्वाची आहे. वाद ज्या मतांविषयी होता ती मते कागदाच्या रूपाने अस्तित्वात होती. ती किती होती हे अर्जदाराला शेवटच्या आकड्यापर्यंत सांगता येत होते. अर्ज फेटाळला गेला तरी पुराव्याच्या स्वरूपाविषयी दोन्ही बाजूंत मतभेद नव्हता. ठाणे लोकसभा मतदारसंघही त्या काळी द्विसदस्य होता. १९५७ मध्ये तेथून शामराव परुळेकर कम्युनिस्ट पक्षातर्फे निवडून आले. म्हणजे दोन मतपत्रिकांचा हा पेच ठाणे जिल्ह्यातील ग्रामीण व आदिवासी मतदारानेही हाताळला होता. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले.

यंत्र, नाव आणि चिठ्ठी

मतदान यंत्राचा इतिहासच एका अटीतटीच्या निकालाने सुरू होतो, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. केरळमधील परूर विधानसभा मतदारसंघात मे १९८२ मध्ये ५० केंद्रांवर यंत्रे प्रथम वापरली गेली. शिवन पिल्लै हे ए. सी. जोस यांच्याविरुद्ध १२३ मतांनी विजयी झाले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, तत्कालीन कायद्यात यंत्राने मतदान घेण्याची तरतूद नाही, या कारणास्तव त्या केंद्रांवर फेरमतदानाचा आदेश दिला. ते मतपत्रिकेवर झाले आणि जोस विजयी ठरले. पुढे लोकप्रतिनिधित्व अधिनियमात ६१-क हे कलम घालून यंत्रास कायद्याचा आधार देण्यात आला आणि २००४ ची लोकसभा निवडणूक देशभर यंत्रावर झाली.

यंत्रामुळे बाद मत जवळजवळ संपले. १९५२ च्या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर हा लाभ लहान नव्हे आणि यंत्राच्या टीकाकारांनी तो मोकळेपणाने मान्य करावयास हवा. तथापि मतदाराचा गोंधळ नाहीसा झाला नाही, त्याने केवळ जागा बदलली. २०१४ मध्ये रायगड लोकसभा मतदारसंघात अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांच्यावर २,११० मतांनी मात केली. त्याच निवडणुकीत सुनील श्याम तटकरे या नामसाधर्म्य असलेल्या अपक्षास ९,८४९ मते मिळाली. त्यांतील किती मते चुकून पडली हे कोणत्याही यंत्रातून काढता येणार नाही. २०१५ पासून मतपत्रिकेवर व यंत्रावर उमेदवारांची छायाचित्रे लावण्याचा नियम झाला, तो अशाच गोंधळावर उपाय म्हणून.

मुंबई महानगरपालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग क्रमांक २२० मध्ये भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर यांना प्रत्येकी ५,९४६ मते मिळाली. चिठ्ठी टाकण्यात आली, शहा विजयी झाले. शहरी वृत्तपत्रांना याचे अप्रूप वाटले. ग्रामीण भागात चिठ्ठीचे कोणास फारसे नवल नसते. ती सर्वांदेखत उघडली जाते आणि एखाद्या लहान मुलाच्या हातून निघालेला निकाल दोन्ही गट बहुधा निमूटपणे स्वीकारतात. निव्वळ दैवावर सोडलेला निर्णय पचतो आणि मोजून दिलेला पचत नाही, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

अठ्ठेचाळीस मते

जून २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघात रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मते मिळाली. अंतर ४८. गोरेगावच्या नेस्को मतमोजणी केंद्रात विजयी उमेदवाराच्या नातेवाइकाने मोबाईल वापरल्याबद्दल गुन्हा नोंदला गेला, आणि त्या मोबाईलवरून यंत्र उघडले गेल्याचे वृत्त एका दैनिकाने दिले. यंत्र कोणत्याही बाह्य जाळ्याशी जोडलेले नसते, असा खुलासा निवडणूक अधिकाऱ्यांनी केला आणि दैनिकाने चूक मान्य केली. तरीही कित्येक आठवडे चर्चा यंत्राभोवतीच फिरत राहिली.

आकडे मात्र निराळी हकीकत सांगतात. यंत्रावरील मतांत कीर्तिकर ४,५१,०९५ आणि वायकर ४,५१,०९४, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतांत वायकर यांना १,५५० आणि कीर्तिकर यांना १,५०१ मते पडली. निकाल फिरला तो कागदावरील मतांनी. नाकारलेल्या टपाली मतपत्रिका १११ होत्या, म्हणजे विजयाच्या अंतराच्या दुपटीहून अधिक. त्यांची फेरतपासणीही करण्यात आली. कीर्तिकर यांच्या याचिकेत ३३३ मते दुसऱ्याच्या नावावर पडल्याचा मुद्दा होता. मुंबई उच्च न्यायालयाने ती डिसेंबर २०२४ मध्ये फेटाळली. १९५२ प्रमाणे येथेही खरा वाद बाद आणि सदोष मतांचाच होता. जनमानसातील संशय मात्र ज्याच्या आत डोकावता येत नाही अशा वस्तूवर जाऊन स्थिरावला. संशयाची दिशा आणि दोषाची जागा यांत असे अंतर पडते, हे अभ्यासकांनी लक्षात ठेवावे असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मारकडवाडी

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत मालेगाव मध्य येथे १६२, साकोलीत २०८ आणि आपल्याच ठाणे जिल्ह्यातील बेलापूर येथे ३७७ मतांनी निकाल लागले. परंतु मतदारांची सर्वांत लक्षणीय प्रतिक्रिया यांपैकी कोठेही उमटली नाही. ती उमटली सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस मतदारसंघातल्या मारकडवाडी या गावात. मतदारसंघात उत्तम जानकर तेरा हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले होते. गावात मात्र त्यांना ८४३ आणि पराभूत उमेदवार राम सातपुते यांना १,००३ मते दाखविली गेली. हा आकडा आमच्या गावाचा असूच शकत नाही, असे म्हणत जानकर समर्थक ग्रामस्थांनी ३ डिसेंबर रोजी मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घेण्याचे ठरविले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, मतदान थांबले, आमदार आणि ग्रामस्थांवर गुन्हे नोंदविले गेले.

अशा मतदानास कायद्याचा आधार नव्हता, हे स्पष्ट आहे. शिवाय शेजाऱ्यांच्या नजरेखाली जवळजवळ दोन आठवड्यांनी घेतलेले मतदान गुप्त मतदानाइतके मोकळे असते, असेही म्हणता येत नाही. सातपुते यांना मत देणाऱ्याची त्या दिवशी कुचंबणा झाली असती. परंतु केवळ कायदेशीर-बेकायदेशीर या निकषावर हा प्रसंग निकालात काढणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाही. या ग्रामस्थांचा उमेदवार जिंकला होता. त्यांना निकाल बदलावयाचा नव्हता. गावाच्या नावावर लागलेला आकडा त्यांना मान्य नव्हता.

हा आकडा गावाला कळला कसा, हाही प्रश्न विचारावयास हवा. मतपत्रिकांच्या काळात निरनिराळ्या केंद्रांवरील मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळण्याची तरतूद होती, ती कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे झाकण्यासाठी. यंत्रांची मोजणी केंद्रनिहाय होते आणि तसेच आकडे प्रसिद्ध होतात. अनेक यंत्रांची एकत्रित बेरीज देणाऱ्या उपकरणाचा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला. विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. तो अमलात आला नाही. परिणामी गावाला स्वतःचा आकडा दिसतो, पण तो तपासता येत नाही. पूर्ण झाकलेला आकडा किंवा पूर्ण तपासता येणारा आकडा यांपैकी काहीही असते तर मारकडवाडी घडली नसती.

पडताळणीची साधने गेल्या दशकात आली, पण ती उमेदवाराच्या हाती आली. २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मतचिठ्ठीचे यंत्र जोडले गेले. मतदारास चिठ्ठी सात सेकंद दिसते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या जातात. २६ एप्रिल २०२४ च्या निकालात सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी न्यायालयाने अमान्य केली आणि दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारास, स्वखर्चाने, सात दिवसांत अर्ज करून पाच टक्के यंत्रे तपासून घेण्याची मुभा दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नियम ९३ मध्ये दुरुस्ती होऊन मतदान केंद्रावरील चित्रीकरणासारखे इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज सार्वजनिक पाहणीतून वगळण्यात आले. निवडणूक अर्ज करण्याचा हक्क अधिनियमाच्या कलम ८१ अन्वये कोणत्याही मतदाराला ४५ दिवसांपर्यंत आहे. हक्क मतदाराचा आणि पुरावा मागण्याची वाट उमेदवाराची, अशी ही रचना झाली आहे.

ग्रामपंचायतीची पातळी

ग्रामपंचायत निवडणुका भारत निवडणूक आयोग घेत नाही. त्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९४ मध्ये स्थापन झालेला राज्य निवडणूक आयोग घेतो. मतदान यंत्रावर होते, परंतु मतचिठ्ठी नसते. प्रभागांतून एकाहून अधिक सदस्य निवडावयाचे असल्याने मतदार एकाच वेळी अनेक मते देतो आणि त्यासाठी योग्य असे मतचिठ्ठी यंत्र उपलब्ध नाही, अशा स्वरूपाची भूमिका राज्य आयोगाने २०२५ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांबाबत घेतली. कारण तांत्रिकदृष्ट्या समजण्याजोगे आहे. त्याचा परिणाम असा की, दिघाशी परिसरातील मतदार ज्या निवडणुकीत हजारो मतांचे अंतर पडते तेथे सात सेकंद का होईना कागद पाहतो, आणि ज्या निवडणुकीत एका मताने सदस्य ठरतो तेथे त्यास कागद दिसत नाही. २०२२ मध्ये थेट सरपंच निवडीची पद्धत पुन्हा सुरू झाल्यापासून त्या एका बटनाचे मोल आणखी वाढले आहे.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १५ नुसार निकालापासून पंधरा दिवसांत कोणताही पात्र मतदार दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे निवडणुकीविरुद्ध अर्ज करू शकतो. लोकसभेच्या अर्जासाठी उच्च न्यायालय गाठावे लागते, त्या मानाने हा दरवाजा घराजवळचा आहे. अंतर अल्प आहे एवढ्याच कारणावर न्यायालये फेरमोजणीचा आदेश देत नाहीत. नेमकी अनियमितता मांडावी लागते. ती मांडून आदेश मिळालाच, तरी न्यायालयापुढे १९५२ सारखा बाद मतांचा गठ्ठा येणार नाही. येईल ते यंत्र, आणि बटन दाबल्यावर ते निकालाच्या दिवशी दाखविलेला आकडा पुन्हा दाखवील.